तहसीलदाराची आंघोळ

माहं नाव तुळशीराम. आता नाव आयकून कोणालेही वाटंल का हा पोट्टा माळकरी असंल, सकाळी उठून टाळ घेऊन बसत असंल. तसं काही नाई. मले मटण आवडते. लय आवडते. आमच्या सोनाळ्यात कोणाच्याही घरी मसाला भाजला का मी झोपेतून उठून बसतो.

हे माह्या बापाकडून आलं. बाप शेषराव, पंधरा एकराचा कास्तकार, पण गावात त्याचं नाव वावरावरून नाई, जिभेवरून. हाडूक तोंडात घेऊन सांगते का बोकड कोणाच्या धुऱ्यावर चरला. एकदा म्हणे, "हा सातपुड्याच्या पायथ्याचा आहे, ह्याले निंबाचा पाला भेटला." खाटकाले इचारलं. खरं निघालं.

माय लहानपणीच गेली. घरात बापाची मोठी बहीण, गोजराआत्या. तिच्या अंगात देवी येते. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालते म्हणतात, असंल. आमच्या घरचा कारभार आत्याच्या तोंडून चालते, मंग त्या तोंडातून आत्या बोलो का देवी.

असं सारं बरं चाललं होतं. आन् मले पोट्टी आवडली माळकऱ्याची.

कौशल्या. शेजारच्या टुनकी गावच्या हिंमतरावाची. त्याच्याकडं वांगे, मिरच्या, सांभाराच्या जुड्या, सारा भाजीपाला. बाजाराच्या दिवशी माय मनकर्णाबाई आन् ही, दोघी सोनाळ्यात पोतं टाकून बसत. मी पहिल्यांदा गेलो तं वांग्याच्या ढिगापुढं नुसता उभा राह्यलो.

ती म्हणे, "घेता का पाह्यता?"

मी म्हणलं, "पाहून राह्यलो."

"पाह्यले काही लागत नाई. पण उजेड अडते. बाजूले सरका."

मी सरकलो नाई. वांगे घेतले. दुसऱ्या बाजाराले बी घेतले. दर बाजाराले घेतले. घरात वांगेच वांगे. बाप ताटाकडं पाहून म्हणे, "काऊन बे, कोंबड्या साऱ्या मेल्या का?"

आत्यानं मात्र वांगं हातात घेतलं, फिरवून पाह्यलं आन् म्हणे, "टुनकीचं दिसते. बापाचं नाव काय तिच्या?"

आता हा हिंमतराव कसा माणूस, ते सांगतो. गळ्यात तुळशीची माळ, मिशा पांढऱ्या, बोलणं हळू. ज्या घरी अंडं फुटलं त्या घरचं पाणी पीत नाई. कौशल्याची एक सोयरीक ह्याच पायी मोडली. सारं ठरलं होतं. हा पानसुपारी घेऊन नवरदेवाच्या ओसरीत बसला, तेवढ्यात मागं कोंबडा आरवला. ते लोक म्हणे, तो टाइम पाह्यले ठेवला. हा म्हणे, घड्याळ घ्या. आन् उठला. पोट्टी विसाची झाली तरी घरीच, पण ह्याचं म्हणणं हललं नाई. पोट्टी माळेच्या घरी जाईल, नाई तं बापाच्या घरी राह्यल.

आत्यानं निरोप धाडला. हिंमतराव आला. संग अर्जुनराव पोथीवाले. हे आमच्याच गावचे, चातुर्मासात देवळात पोथी सांगतात, दोन्ही गावं त्यायचं आयकतात. आमच्या कोंबड्या मी सकाळीच शेजारी नेऊन झाकल्या होत्या, एकूणएक.

हिंमतराव म्हणे, "शेषराव, पोट्टा चांगला आहे. पण घरात माळ पाह्यजे. साऱ्यायच्या गळ्यात."

बाप म्हणे, "त्याले काय लागते? आमच्या गावात माळकरी लय आहेत. खुंट्या बी लय आहेत."

म्हणजे रस्सा झाला का माळ खुंटीले, हात धुतले का परत गळ्यात. अर्जुनराव खोकल्यासारखे हासले. हिंमतराव नाई हासला.

"तसली माळ नाई पाह्यजे."

"मंग मले दाखवा," बापानं मांडी बदलली, "पोथीत कुठी लिहिलं का मटण खाऊ नये. तुमच्या पोथीतला रुषी अख्खा मेंढा खाऊन गेला. पोटावर हात फिरवला आन् पचवला. खोटं आहे का, अर्जुनराव?"

"खरं आहे," अर्जुनराव म्हणे.

"त्या मेंढ्यात राक्षस होता," हिंमतराव म्हणे. "लोकायले मारे, म्हणून खाल्ला. तुमच्या बोकडात कोणता राक्षस आहे?"

"आमचा बोकड शेजाऱ्याची तूर खाते. राक्षसापेक्षा कमी नाई."

"खरं आहे," अर्जुनराव म्हणे.

"बरं ते सोडा. खाटकानं बामनाले धर्म शिकवला का नाई? पोथीतच आहे. चांगला मटणाच्या दुकानात बसून शिकवला."

हिंमतराव लगेच म्हणे, "इकत होता. खात नोता. त्यानंच सांगतलं, मी तोंडी लावत नाई. तुमी अर्धीच गोठ आयकली, शेषराव. देवळातून लवकर उठले असान."

बाप खरंच उठला होता. त्या दिवशी घरी रस्सा होता.

मंग म्हणे, "स्मृतीत आहे का नाई, का मटण खाण्यात दोष नाई?"

"आहे. त्याच दमात पुढं आहे, सोडण्यात मोठं फळ आहे."

"फळ ज्याले पाह्यजे त्यानं घ्यावं. मी हाडकावर खूश आहे."

असं दुपारपर्यंत चाललं. ह्यानं यज्ञातला घोडा काढला, त्यानं गाय आडवी घातली. ह्यानं राम वनात काय खात होता ते काढलं, त्यानं कंदमुळं काढली. दोघंही बरोबर. मी दाराच्या फटीतून आयकून राह्यलो, आन् मले वाटे का बापानं हरावं. जिंदगीत पह्यल्यांदा वाटलं. मटण का कौशल्या, असा सवालच नोता. मी तं त्याच दिवशी सोडलं असतं. पण बाप हट्टावर आला का बैल बरा.

शेवटी अर्जुनराव म्हणे, "भाऊ, पोथी म्हणजे ताजवा आहे. तुमी ज्या पारड्यात बसान ते खाली जाते. पोथीले नका इचारू, ती दोघायले हाव म्हणते."

"मंग कोणाले इचारू?"

आतून आत्याचा आवाज आला, "देवीले इचारा."

आता आमच्याकडची रीत सांगतो. आमच्या घरात लगन निघालं का हळदीच्या आंधी नाल्यावरच्या मरीमायले बोकड. तो नाई तं हळद नाई. पण बोकड असाच कापत नाई. त्याले कुंकू लावतात, हार घालतात, देवीपुढं उभा करून पाठीवर पाणी टाकतात. बोकडानं अंग झाडलं, थरथर थरथर करून, म्हणजे देवीनं घेतला. मंग सुरा. नाई झाडलं तं देवीले नको.

बापाचे डोळे चमकले. "हे ठीक आहे. देवीनं घेतला तं मी बरोबर, देवक आमच्या रीतीनं. नाई घेतला तं माळ. साऱ्या घराच्या गळ्यात. खुंट्या बी उपटून टाकतो."

हिंमतराव म्हणे, "तुमी झाडेपर्यंत पाणी टाकता, मले माहीत आहे. बोकड जाईल कुठी? एकच गडवा. आन् देवीनं घेतला तं मी पोट्टीचा शब्द मांगं घेतो, मंग रडायचं नाई."

"एकच गडवा," बाप म्हणे.

दोघंही हासत उठले. बापाले खात्री, कारण आमच्या पाच पिढ्यात न झाडणारा बोकड झाला नाई. हिंमतरावाले खात्री, कारण कोणतीच माय लेकराचं रगत मांगत नाई. दोघायचाही देवीवर भरोसा. भरोसा नोता तं फक्त माहा.

बाजाराच्या दिवशी मी वांग्यापुढं जाऊन बसलो. उभा नाई, बसलो. मनकर्णाबाई पान खायले उठली होती. कौशल्याले सारं माहीत होतं.

"घ्या," ती म्हणे, "आता माहं लगन बोकडाच्या पाठीवर."

"पाणी पडलं का बोकड झाडतेच. त्याच्या अंगातच आहे ते."

"आमची म्हैस नाई झाडत."

"म्हैस म्हैस आहे."

"वगार असताना झाडे. मी रोज धुते तिले. आता पाणी टाका, काही टाका, डोळे मिटून उभी राह्यते." तिनं एक वांगं उचललं, पुसलं, माह्या थैलीत टाकलं. "मी काही सांगून नाई राह्यली. म्हशीची गोठ काढली."

आयकलं आन् मी घरी पळत गेलो. वांगे तिथंच राह्यले.

बोकड बापानं आंधीच आणला होता, तोच तूर खाणारा. काळा, दाढीवाला, पोट सुटलेलं. कोणाच्याही घरात घुसून खाये, आन् हाकललं का असा पाहे का तुमीच त्याच्या घरात आले. म्हणून गावानं त्याचं नाव तहसीलदार ठेवलं.

सकाळी बाप वावरात गेला का मी गोठ्यात. पह्यल्या दिवशी त्याच्या पाठीवर गडवाभर पाणी टाकलं. त्यानं असं अंग झाडलं का आंघोळ माहीच झाली. दुसऱ्या दिवशी बी माहीच. मंग मी पाणी जरा कोमट केलं, हळूहळू टाकलं, कानामांगं खाजवलं, आन् उभा राह्यला का खिशातून मूठभर फुटाणे. तहसीलदाराले फुटाणे समजले. लाच म्हणा. पंधरवड्यात असं झालं का मले गडवा घेऊन येताना पाह्यलं का तो सोताहून मोरीवर जाऊन उभा राहे. पाणी पडे. तो डोळे मिटे. एक केस हालत नसे. मंग नाक माह्या खिशात.

एक दिवस मांगं आत्या उभी.

"तुळशा, उटणं लावायचं राह्यलं का?"

"उवा झाल्या त्याले, आत्या."

"उवा तुह्या डोक्यात झाल्या." तिनं बोकडाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, आन् गेली. बापाले बोलली नाई.

आन् एक गोठ झाली, ती मी कोणाले सांगतली नाई. एका सकाळी त्याले पुसता पुसता मनात आलं, ह्याचा रस्सा कसा लागंल. रोज येते असं मनात, बोकड दिसला का. पण त्या दिवशी आलं आन् पोटात कसंतरी झालं. जसं शेजारच्या माणसाचा रस्सा.

ठरलेला मंगळवार उजाडला. माघ महिना, सातपुड्याहून असा वारा का दात वाजे. नाल्यावर मरीमायच्या निंबाखाली आमचं घर, हिंमतरावाचं घर, आन् सोनाळा-टुनकीतले सारे रिकामे लोक. कौशल्या मायच्या मांगं, पदर नाकापर्यंत, पण पदराखालून डोळे दिसत. हिंमतरावाच्या हातात थैली. साऱ्या घरासाठी माळा आणल्या होत्या, एवढी खात्री. बापानं मसाला आंधीच वाटून ठेवला होता, एवढी खात्री.

तहसीलदाराले कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. त्यानं हार खाल्ला. दुसरा घातला.

बापानं नाल्यातला गडवा भरला. रातभर गारठलेलं पाणी. हे कोमट नोतं, हे मी त्याले शिकवलं नोतं.

बापानं पाणी ओतलं. मानेपासून शेपटीपर्यंत. सारा गडवा.

तहसीलदारानं डोळे मिटले.

पाणी पोटाखालून टपटप पडून राह्यलं. बोकड उभा, जसा दगडाचा. मांगून कोणी म्हणे, "मेला का?" बापाच्या हातातला गडवा रिता, तोंड उघडं. हिंमतरावाच्या डोळ्यात पाणी आलं, तो हात जोडून म्हणे, "मायनं सांगतलं, शेषराव. आयका."

आन् मी असा खूश का मले उडावं वाटे. पाय जमिनीवर नोतेच.

तेवढ्यात तहसीलदारानं डोळे उघडले. गर्दीत पाह्यलं. सरळ चालत माह्याकडं आला, आन् नाक माह्या खिशात घातलं. सदरा फाटला. फुटाणे खाली सांडले. मी घरून निघतानाच खिशात टाकले होते, सवयीनं. बोकडाले सवय लावता लावता मले बी लागली होती.

तो फुटाणे खाऊन राह्यला. कटकट कटकट. तेवढाच आवाज.

बाप म्हणे, "तुही आन् तहसीलदाराची ओळख जुनी दिसते."

"रोज आंघोळ घाले तो त्याले," कोणी शेजारी बोललाच. "मी पाह्यलं. मले वाटलं नवस आहे."

बायकायच्या घोळक्यातून फुस्स करून हासू आलं. कौशल्या. मायनं तिले चिमटा काढला, पण ते हासू पसरलं, बायकायतून माणसायत, सारा नाला हासून राह्यला. हिंमतराव सोडून.

त्यानं माळांची थैली खाली ठेवली. "पोरा, हे खरं आहे?"

"हाव, मामा."

"मायले फसवलं तू."

"मले कौशल्या पाह्यजे होती," मी म्हणलं. साऱ्यायपुढं. निघालंच तोंडातून.

हासणं बंद. हिंमतराव बापाकडं वळला. "असं जिंकलेलं मले नको, शेषराव. गडवा भरा. परत टाका. आन् मायचा जो कौल तो कौल."

माणूस पाहा. जिंकला होता, आन् परत डाव मांडला. बापाले बी ते लागलं. पण बाप बाप आहे. तो गडवा भरून आला आन् म्हणे, "आता कानात टाकतो. कानात पाणी गेलं का हत्ती बी झाडते."

सारे सरकून गोल झाले. मी पाह्यलं, खाली निंबाच्या मुळीवर सुरा ठेवला होता, धार लावलेला. कानात पाणी गेलं का बोकड झाडणार. झाडला का कौशल्या गेली. आन् हा, हा बी गेला. बापानं गडवा उचलला.

मी इचार नाई केला. उडी मारली, बोकडाच्या गळ्यात पडलो आन् दोन्ही हातानं त्याचे दोन्ही कान दाबले. बापाचा हात थांबला नाई. सारं पाणी माह्या मानेवर. तिथून सदऱ्यात. सदऱ्यातून पाठीवर, पाठीवरून धोतरात.

काय सांगू कसं होतं ते पाणी. मी उठलो आन् मुंडक्यापासून पायापर्यंत झाडलं. थरथर थरथर. दात वाजले, कान हालले, फाटक्या खिशातले उरलेले फुटाणे उडाले. थांबलो का परत सुटे. दोन्ही गावायनं पाह्यलं.

बोकडाचे कान कोरडे, तो शांत, फुटाणे खाऊन राह्यला.

"घेतला," आत्या म्हणे.

साऱ्यायनं तिकडं पाह्यलं. तिचे केस सुटले नोते, डोळे फिरले नोते, अंगात काहीच नोतं. साधी उभी होती, हातात हळदीची वाटी.

बाप म्हणे, "कोणता घेतला, अक्का?"

"ज्यानं झाडलं तो. रीत काय आहे आपली? पाणी टाकायचं, जो झाडंल तो मायचा. बोकड झाडला का?"

"नाई."

"पोट्टा झाडला?"

बाप माह्याकडं पाहून म्हणे, "अजून झाडून राह्यला."

"मंग झालं."

"आता काय पोट्टा कापू?"

"याहीले इचार. त्याचा जावई आहे." आत्यानं हळद माह्या कपाळाले लावली, थंड हातानं, मी परत थरथरलो. "मायच्या नावचा जीव आहे हा आता. मायच्या नावानं सोडलेला बोकड काय खाते? पाला खाते. हा बी पाला खाईल. घाला त्याले माळ."

हिंमतरावानं अर्जुनरावाकडं पाह्यलं. "पोथीत असं कुठी आहे का हो?"

"कुठीच नाई," अर्जुनराव म्हणे. "म्हणून तं भांडणाले जागा नाई."

हिंमतरावाच्या मिशा हालल्या. आंधी वाटलं राग आहे. मंग दिसलं का हासून राह्यला, आवाज न करता, पोट धरून. त्यानं थैलीतून एक माळ काढली आन् माह्या ओल्या गळ्यात घातली. दुसरी काढायले गेला, तं बापानं हात धरला.

"बाकीच्या परत न्या, याही. मायनं एकच घेतला."

लगन झालं. तहसीलदार देवीच्या नावानं सुटला, त्याले आता कोणी हात लावत नाई, तो आंधीपेक्षा बी माजला. मांडवाचे आंब्याचे पानं त्यानं खाल्ले. मुंडावळ्या खाल्ल्या, माह्या डोक्यावरच्या, मंगलाष्टकं चालू असताना. कौशल्या अंतरपाटामांगं इतकी हासली का बामनाले परत सुरू करा लागलं.

जेवण टुनकीले, हिंमतरावाच्या घरी. मनकर्णाबाईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, पण मसाला तोच, खोबरं भाजलेलं, खसखस, वर लाल तर्री. बापानं पह्यला घास घेतला. थांबला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मी जवळच होतो, त्यानं हळूच कानात इचारलं, "बे, हा कुठी चरला होता?"

आता बाप बाहेरच खाते. रविवारी शेजाऱ्याकडं जाते, हात धुते, दारात चूळ भरते, मंग घरात येते. हिंमतराव आला का आमच्याकडं पाणी पिते. कोंबड्या शेजारीच राह्यल्या.

आन् मी? खोटं कायले बोलू. मसाल्याचा वास आला का अजून उठून बसतो. बसतो, आन् परत झोपतो. माळ गळ्यातच राह्यते, घरात खुंटीच नाई, कौशल्यानं आल्या आल्या उपटली.

थंडीत मोरीवर आंघोळीले बसलो का ती गडवा घेऊन मांगं येते. पाणी कोमट करते का? नाई करत. मानेवर ओतते, सारा गडवा. मी उठून झाडतो, मुंडक्यापासून पायापर्यंत.

ती दारात उभी राहून म्हणते, "घेतला."